पुढचं अक्षर

४ मार्च, सोमवार

मडकं विकत घेताना वाजवून बघतात तसं आज गोदीच्या मेडिकलवाल्यांनी मला सगळीकडून वाजवून पाहिलं. डोळे ठीक. हाताची पकड ठीक. पिवळ्या पट्टीवरून सरळ चालून दाखवलं, तोलही ठीक. म्हटलं, झालं. उद्यापासून क्रेनच्या केबिनमध्ये.

तेवढ्यात एका चष्मेवाल्या मॅडमनी समोर कागद सरकवला. त्यावर होतं : ए, सी, एफ, जे. पुढचं अक्षर कोणतं?

मी म्हटलं, "के."

"का बरं?"

"जेनंतर केच येतो मॅडम. शाळेत तरी तसंच शिकवलं होतं."

त्या हसल्या नाहीत. काहीतरी लिहून घेतलं आणि पान उलटलं. पुढे तसलीच अक्षरं, पानभर. माझ्या बगलांना घाम सुटला. वीसेक वर्षं मी गोदीत क्रेन चालवतोय. पाच मजल्यांच्या उंचीवर बसून, घराएवढा कंटेनर उचलून, ट्रेलरवर असा ठेवतो की ड्रायव्हरच्या हातातला चहा हिंदकळत नाही. आणि हे मला अक्षरं विचारतात!

सगळं त्या सळईमुळे. हेल्मेट नसताना पडली असती तर एक वेळ समजलो असतो, पण मी यार्डातून चालत होतो, डोक्यावर हेल्मेट होतं, आणि रचलेल्या कंटेनरांवरून एक लोखंडी सळई निसटून नेमकी माझ्यावरच आली. दवाखाना झाला, टाके झाले, महिनोन्‌महिने घरी बसणं झालं. आता मी पूर्वीसारखा आहे. सगळे म्हणतात. फक्त ही काही म्हणत नाही. ही म्हणजे माझी बायको.

खरी चाचणी एप्रिलमध्ये आहे. सरावाला पुस्तिका दिली. नापास झालो तर खाली, साहित्याच्या खिडकीवर. हातमोजे वाटायचे. साहेब म्हणाले, "जागा वाईट नाही." मग तुम्ही बसा ना तिथे, असं ओठांपर्यंत आलं होतं.

७ मार्च, गुरुवार

शिकवणी सुरू. मास्तरीण आमची मुलगी. नाकाच्या शेंड्यावर राग, म्हणून आम्ही तिला मिरची म्हणतो. अकरावीत आहे.

"बाबा, ए आणि सी यांच्यात किती अंतर? दोन. सी आणि एफ यांच्यात? तीन. मग चार. मग पाच. म्हणजे जेच्या पुढे पाच मोजा. के, एल, एम, एन, ओ. ओ! कळलं?"

"कळलं."

खरंच कळलं होतं. स्वच्छ, आरशासारखं. मग तिने दुसरी दिली : झेड, एक्स, यू, क्यू. ही उलटी जाते. मी झेडपासून मागे मोजायला लागलो. एक्सपर्यंत पोचलो आणि किती मोजले तेच हातातून निसटलं. परत सुरुवात केली. परत निसटलं. ओल्या साबणासारखं.

"बाबा, आत्ताच तर सांगितलं!"

"अगं, तू फार भरभर बोलतेस."

ती आत निघून गेली. नंतर बाहेर आली तर डोळे लाल. या वयातल्या मुलींचं काही सांगता येत नाही. कॉलेजात मैत्रिणीशी बिनसलं असणार.

आज दूध उतू गेलं. मी शेगडीसमोरच उभा होतो, पण पुस्तिकेत लक्ष होतं. कोणाचंही जातं.

१२ मार्च, मंगळवार

हिला अलीकडे चालण्याचं वेड लागलंय. मी भाजी आणायला निघालो की ही चपला घालून तयार. किराणा आणायला निघालो तरी तयार. एवढ्या वर्षांत कधी माझ्याबरोबर बाजारात आली नाही, आता म्हणते, पाय मोकळे होतात. बरं वाटतं. संसार सगळा पाळीपाळीने गेला, मी पाळीवर असलो की ही घरी, मी घरी असलो की ही शिवणाच्या वर्गात. वर्गही सोडला म्हणे. कंटाळा आला म्हणाली.

मिरचीसुद्धा आता स्वयंपाकघरात टेबल टाकून अभ्यास करते. तिथे उजेड चांगला आहे म्हणे. शेगडीच्या शेजारी बसून कसला अभ्यास होतो देव जाणे.

मालिका : बी, ई, एच, के. उत्तर एन. ही मला एकट्याला सुटली! मग तीच मालिका जेवणानंतर पुन्हा केली तेव्हा एम आलं. मग एल. मग पुस्तिका मिटली.

१७ मार्च, रविवार

जाड्या आला होता. जाड्या माझा इशारेवाला. मी वर केबिनमध्ये, हा खाली धक्क्यावर. वरून मला अर्धं दिसत नाही. याचे हात म्हणजेच माझे डोळे. बोट वर फिरवलं की उचल. तळवा आडवा हलवला की सरक. मूठ दाखवली की थांब. तळवा खाली दाबला की हळूहळू सोड. इतकी वर्षं आम्ही कामावर एकमेकांशी तोंडाने बोललोच नाही, आणि एकदाही भांडण नाही. बायकोशी असं जमतं का?

"तुझ्या जागी एक पोरगा दिलाय," म्हणाला. "कंटेनर असा आपटतो की माझ्या दाढा हलतात. लवकर ये बाबा."

"येतो. अक्षरांनी घोडं अडवलंय."

"मी काही मदत करू?"

"तुझं शिक्षण किती?"

"तुझ्यापेक्षा एक यत्ता जास्त. तू ज्या वर्गात बसलास, त्यात मी दोनदा बसलो."

खूप हसलो. हसताना त्याने हिच्याकडे पाहिलं, हिने त्याच्याकडे पाहिलं, आणि दोघांचंही हसू एकदम आटोपलं. निघताना ती दोघं जिन्यात बराच वेळ बोलत होती. मी विचारलं तर ही म्हणाली, त्याच्या बायकोचे गुडघे दुखतात.

२३ मार्च, शनिवार

पुस्तिका भिंतीवर फेकली. पाठीतून फाटली.

एक गोष्ट इथे लिहितो, बाहेर कोणाला सांगणार नाही. अक्षरं मला दिसतात. अंतर कळतं. पण दुसऱ्या अंतराशी पोचेपर्यंत पहिलं नसतंच. पुसलेलं नसतं, विसरलेलंही नसतं. जणू कधी नव्हतंच. मग मी तिथे उभा राहतो, आणि मागे रस्ता नाही.

दमणूक आहे. झोप झाली की ठीक होईल.

हिने पुस्तिका उचलली आणि बसून पानं दोऱ्याने शिवली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

२७ मार्च, बुधवार

सुटलो! जाड्या देवमाणूस आहे.

पलीकडच्या धक्क्यावरचा एक क्रेनवाला ही चाचणी दोनदा देऊन बसलाय. दोन्ही वेळा तोच कागद. एक अक्षर बदललं नव्हतं. त्याने आठवून आठवून सगळे प्रश्न जाड्याला सांगितले आणि जाड्या ते घेऊन आला. पहिलाच प्रश्न ए, सी, एफ, जे. मॅडमनी त्या दिवशी दाखवला तोच!

मिरचीने उत्तरं काढून दिली. तोंड एवढंसं करून, पण दिली. मी म्हटलं, आता कसली मोजामोजी. पाठ करायचं. पाठांतर माझं पहिल्यापासून पक्कं. शाळेत पाढ्यांना मला पुढे उभं करायचे.

ही कणीक मळत होती. पाठ माझ्याकडे.

"अहो, उत्तरं पाठ केली की डोकं बरं होतं का?"

"डोक्याला काय झालंय माझ्या?"

ती कणीक आणखी जोरात मळायला लागली.

"तुला मी खिडकीत बसून हातमोजे वाटलेले हवेत, असंच ना?"

"मला तुम्ही हवे आहात. कुठे बसलेले, याचा मी अजून विचार केलेला नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, दुसऱ्यांच्या बायका नवऱ्याच्या पाठीशी उभ्या राहतात. ती हात धुऊन बाहेर गेली. थोड्या वेळाने परत आली आणि पोळ्या लाटायला लागली, काही झालंच नाही अशी.

२ एप्रिल, मंगळवार

ओ, एल, एन, एक्स, टी, डी. ओ, एल, एन, एक्स, टी, डी. आंघोळ करताना, दाढी करताना, चपला घालताना. ओळीने म्हटलं की येतं. मधूनच कोणी विचारलं तर अडतं. पण मधूनच कोण विचारणार? पेपर ओळीनेच असतो.

९ एप्रिल, मंगळवार

पास.

सगळी बरोबर. चष्मेवाल्या मॅडम कागदाकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. "सराव चांगला केलात," म्हणाल्या. मी म्हटलं, मुलगी हुशार आहे. खोटं काही बोललो नाही.

घरी येताना जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो. दार उघडल्याबरोबर ओरडलो, "पास!" मिरची येऊन गळ्यात पडली आणि ढसाढसा रडली. आनंदाने. ही दाराच्या चौकटीला धरून उभी होती. म्हणाली, "कधीपासून जायचं?"

"सोमवारपासून."

"बरं," म्हणाली आणि माझा डबा शोधायला माळ्यावर चढली.

१५ एप्रिल, सोमवार

वर गेलो. शिडीच्या शेवटच्या पायरीवर क्षणभर थांबलो, ते आनंदाने. केबिनमध्ये तोच तेलाचा वास, सीटच्या कुशनला माझ्याच बुडाचा खड्डा. खाली सगळं खेळण्यातलं. समुद्र काचेला चिकटलेला. एवढे महिने मी जमिनीवर राहून काय करत होतो?

आज फक्त रिकामे कंटेनर. शेजारी देखरेखीला एक जण बसला होता. जाड्या आज इशारे फार सावकाश देत होता. एकेक इशारा दोनदा, तीनदा. मला गंमत वाटली. लेका, मी काय नवशिका आहे?

एकही आपटला नाही. देखरेखीवाल्याने कागदावर सही केली. उद्यापासून एकटा, भरलेल्या मालावर.

घरी आलो तर ही खिडकीत उभी. जेवली नव्हती.

१६ एप्रिल, मंगळवार

अक्षर वेडंवाकडं येतंय.

सकाळचे सगळे नीट गेले. जेवणाच्या सुट्टीआधीचा शेवटचा कंटेनर. जाड्याने बोट फिरवलं, उचलला. तळवा हलवला, सरकवला. मग त्याने मूठ दाखवली.

मूठ मला दिसली. स्वच्छ दिसली. मला वाटलं, हे मला माहीत आहे. वर, मग बाजूला, मग... मूठ. मुठीचं काय असतं? मी शोधत होतो आणि हात चालूच होता. मग हातानेच ठरवलं आणि कंटेनर खाली सोडायला लागला. जाड्या दोन्ही मुठी डोक्यावर हलवत होता. आवाज वर येत नाही, पण तोंड उघडलेलं दिसत होतं. मग तो तिथे नव्हता.

लाल बटण कसं दाबलं आठवत नाही.

कंटेनर ट्रेलरच्या पुढच्या टोकाला घासून थांबला. ड्रायव्हरच्या डोक्यावरचा पत्रा वहीच्या पानासारखा मुडपला होता. ड्रायव्हर आतच होता. त्याला बाहेर काढलं तेव्हा खरचटलंही नव्हतं, पण तो कठड्याशी जाऊन उलट्या करत राहिला. जाड्या उडी मारून बाजूला झाला म्हणून वाचला. पाय मुरगळला, घोट्याला सूज.

मी उतरलो तेव्हा साहेब, देखरेखीवाला, सगळे जमलेले. साहेबांनी विचारलं, "काय झालं?"

मी तोंड उघडायच्या आत जाड्या जमिनीवर बसल्या बसल्याच म्हणाला, "इशारा माझा चुकला साहेब. मूठ दाखवायच्या ऐवजी खालचा तळवा दाखवला."

माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

१८ एप्रिल, गुरुवार

जाड्याला घरी बसवलंय. चौकशी होणार. मला दोन दिवस सुट्टी, धक्का बसला असेल म्हणून.

मी खूप विचार केला. असं होऊ शकतं की त्याने खरंच तळवा दाखवला. तो खाली होता, त्यालाच नीट माहीत. उन्हात माणसाचा हात चुकतो. त्याचंही वय झालं. आणि तो स्वतःच्या तोंडाने म्हणतोय तर मी कोण नाही म्हणणारा? मी मूठ पाहिली असं मला वाटतं. वाटण्याचं काय घेऊन बसलात.

तीनदा वाचलं हे. एकदाही पटलं नाही.

खिडकीवर बसलो तर सगळे येता-जाता बघणार. हाच तो, म्हणणार. वर कोणी बघत नाही. वर मी असतो. खाली मी कोण आहे ते मला माहीतच नाही, आणि शोधायचं वय राहिलेलं नाही. देवा, कोणाला तरी एकदा माझ्यासारखं कर आणि मग विचार त्याला, पुढे काय.

२० एप्रिल, शनिवार

दुपारी मिरची कॉलेजला गेल्यावर ही समोर येऊन बसली. हातात पेन आणि जुन्या कॅलेंडरचा कोरा मागचा भाग. त्यावर तिने चार अक्षरं काढली. हिला इंग्रजी अक्षरं काढायला वेळ लागतो. शाळा लवकर सुटली हिची.

बी, डी, जी, के.

"याच्या पुढचं सांगा."

"हे काय आता? पास झालोय मी."

"माझ्यासाठी सांगा."

मी पाहिलं. ओळखीचं होतं. पहिलंच होतं ते. "ओ," म्हटलं. पटकन.

तिने बोट बीवर ठेवलं आणि मोठ्याने मोजलं. दोन. मग तीन. मग चार. मग केवर बोट ठेवून पाच मोजले, एकेक अक्षर लिहीत. एल, एम, एन, ओ, पी.

पी.

तिने फक्त सुरुवात बदलली होती. सगळी मालिका एक घर पुढे सरकवली होती, आणि मी जुन्याच घराचं दार वाजवत उभा होतो.

मी चिडायचा प्रयत्न केला. जमलं नाही. म्हटलं, "मूठ दाखवली होती त्याने."

"माहीत आहे."

"त्याने सांगितलं तुला?"

"नाही. दूध उतू जाताना तुम्ही कसे उभे असता, ते मी पाहिलंय. समोर बघत. मला वाटलं, वरही तसेच उभे राहिले असाल." मग तिचा आवाज फाटला. "अहो, किती महिने झाले, मी तुमच्या मागून चालतेय. बाजारात, जिन्यात, सगळीकडे. तिथे वर मला येता येत नाही हो."

इतक्या वर्षांत मी हिला असं रडताना पाहिलं नव्हतं. तिची आई गेली तेव्हाही नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

२२ एप्रिल, सोमवार

गेलो. ही गोदीच्या फाटकापर्यंत आली. पुढे म्हटलं, मी जातो.

साहेबांच्या केबिनमध्ये चष्मेवाल्या मॅडमही होत्या, चौकशीसाठी बोलावलेल्या. बरंच झालं, एकदाच सांगावं लागलं. इशारा बरोबर होता. मूठच होती. मला तिचा अर्थ लागला नाही. आणि चाचणीची उत्तरं मी पाठ केली होती.

साहेब खुर्चीत मागे रेलले. "याचा परिणाम काय होईल, कळतंय का तुम्हाला?"

"तेवढं कळतं साहेब."

कागद कुठून आला म्हणून विचारलं. म्हटलं, ते सांगणार नाही. पण तुम्ही इतक्या वर्षांत एक अक्षर बदललं नाहीत, ते तेवढं बदला. एखाद्याचा जीव जाईल. मॅडमचा चेहरा पडला. त्या म्हणाल्या, "पहिल्या दिवशी तुम्ही के म्हणालात, ते मी लिहून ठेवलं होतं. नंतर सगळी बरोबर आली तेव्हाच मी थांबायला हवं होतं." मग हळूच विचारलं, "कसं होतं नेमकं? अक्षरं दिसत नाहीत का?"

आजवर हे कोणीच विचारलं नव्हतं. ठोकून पाहिलं, वाजवून पाहिलं, पण विचारलं नाही. मी सांगितलं. दुसऱ्याशी पोचेपर्यंत पहिलं नसतं, ते सगळं. बोलता बोलता मी साहेबांसमोर लहान पोरासारखा रडलो. कोणी थांबवलं नाही. मॅडमनी एका डॉक्टरीणबाईंचं नाव दिलं, अशा डोक्यांवर काम करणाऱ्या. म्हणाल्या, पूर्वीसारखं होईल असं वचन देता येणार नाही. म्हटलं, नका देऊ.

क्रेन गेली. लिहून बघतो : क्रेन गेली.

बाहेर जाड्या लंगडत येताना दिसला. त्यालाही बोलावलं होतं. माझं तोंड बघूनच त्याला कळलं. धक्क्यावर, लोकांसमोर, त्याने माझी कॉलर धरली. "अरे गाढवा, मी निस्तरत होतो ना! माझं काय जाणार होतं? चार महिने घरी बसलो असतो. तू का तोंड उघडलंस?"

"तू का उघडलंस?"

"कारण..." कॉलर धरलेला हात तसाच. "कारण तुझं डोकं अजून ठीक नाही, हे मला आधीपासून माहीत होतं. तरी मी कागद आणून दिला. वाटलं, मी खालून सावकाश इशारे देईन, तीन-तीनदा देईन, निभेल. लेका, मला दुसऱ्या कोणाबरोबर काम करायचं नव्हतं रे."

इतकी वर्षं आम्ही हातांनीच बोललो. आता तोंडाने बोलायची वेळ आली तर दोघांनाही येईना. शेवटी मी म्हटलं, "पायाला शेक दे." तो म्हणाला, "देतो."

घरी आलो. दार नुसतं लोटलेलं होतं. ही चटईवर आडवी झालेली, डोक्याखाली हात, तोंड किंचित उघडं. गाढ झोपलेली. भर दुपारी, उन्हं खोलीत आलेली असताना. मला वाटलं होतं, दारातच विचारेल काय झालं. हाक मारणार होतो, पण थांबलो. हिला दिवसाची झोपलेली मी शेवटची कधी पाहिली, आठवेना. थकली असेल.

उन्हाची तिरीप तिच्या डोळ्यांवर येत होती. मी खिडकीपाशी जाऊन मध्ये उभा राहिलो. ऊन सरकलं तसा मीही सरकलो. शेजारीण दारावर टकटक करायला आली, तिला हाताने मूठ दाखवली. ती बिचारी थांबली. मग ओठांवर बोट ठेवलं, तशी परत गेली.

मिरची आली तेव्हाही मी तिथेच उभा होतो. तिने विचारलं, "बाबा, काय करताय?"

म्हटलं, "काही नाही. आईला झोपू दे."